सोलापूर जिल्ह्यातील माळराने आणि परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : माळरान, ऊर्जाप्रवाह, पोटखराबा, रब्बी ज्वारी, दुष्काळ, माळढोक, नान्नज

प्रस्तावना

परिसंस्थेतील सर्व सजीवांना लागणारी ऊर्जा अंतिमतः सूर्याकडून मिळते, ही गोष्ट शालेय पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाची आहे. वनस्पती ही ऊर्जा साठवितात, तृणभक्षक प्राणी ती वनस्पतींकडून घेतात, मांसभक्षक त्यांच्याकडून घेतात आणि प्रत्येक टप्प्यावर तिचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो. पाठ्यपुस्तकातील आकृतीत हा प्रवाह काही बाणांनी दाखविलेला असतो. त्या आकृतीत सारा वसूल करणारा कारकून नसतो, लष्कराची छावणी नसते, कालवा नसतो आणि साखर कारखानाही नसतो. प्रत्यक्षात मात्र एखाद्या प्रदेशातील वनस्पतींनी साठविलेली ऊर्जा कोणाच्या मुखी पडावी, याचे निर्णय अशाच व्यवस्थांनी घेतले आहेत. त्यामुळे ऊर्जाप्रवाह हा जीवशास्त्राइतकाच इतिहासाचाही विषय ठरतो.

सोलापूर जिल्हा या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. येथे ऊन मुबलक आणि पाऊस तोकडा. वार्षिक सरासरी पर्जन्यमान साधारणतः पाचशे ते सातशे मिलिमीटरच्या दरम्यान असून तेही बेभरवशाचे आहे. भीमा, सीना आणि माण या नद्यांच्या काठी खोल काळी जमीन आढळते. नदीपासून दूर चढावर गेले की मातीचा थर पातळ होत जातो आणि शेवटी मुरमाड माळ लागतो. या माळालाच पुढे ‘पडीक’ हे नाव मिळाले. तो खरोखर पडीक होता काय, आणि त्याला पडीक ठरविल्यामुळे काय घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऊर्जाप्रवाहाची संकल्पना आणि माळाचे गणित

चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये अन्नसाखळी आणि संख्येचा मनोरा यांची मांडणी केली. १९३५ मध्ये आर्थर टॅन्स्ले यांनी ‘परिसंस्था’ या अर्थाची संज्ञा रूढ केली. परंतु सजीवांमधील संबंध ऊर्जेच्या भाषेत मोजता येतात, हे प्रथम नेटकेपणाने दाखविले ते रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकी संशोधकाने. मिनेसोटा राज्यातील एका लहानशा तळ्याचा त्याने अभ्यास केला होता. त्याचा निबंध परीक्षकांनी आरंभी नाकारला. जी. एव्हलिन हचिन्सन यांनी आग्रह धरल्यामुळे तो १९४२ मध्ये छापला गेला. मात्र त्यापूर्वीच काही महिने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लिंडेमनचे निधन झाले होते. एका पोषणपातळीवरून पुढच्या पातळीवर ऊर्जेचा सुमारे दहावा हिस्सा पोहोचतो, हा पुढे प्रसिद्ध झालेला नियम याच कामातून निघाला. तो काटेकोर नियम नव्हे. प्रत्यक्षातील प्रमाण पाच ते वीस टक्क्यांपर्यंत बदलते. पण त्याची दिशा बदलत नाही. वर जावे तसे उरते ते थोडेच.

सोलापूरच्या माळाला हे गणित लावून पाहता येते. येथे एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी साडेपाच किलोवॉट-तास इतकी सौर ऊर्जा पडते असे धरले, तर हेक्टरी वर्षाचा आकडा सुमारे दोन कोटी किलोवॉट-तास होतो. त्याच हेक्टरात पावसाळ्याअखेर दोन टन वाळलेले गवत मिळाले असे समजू. एक किलो वाळलेल्या गवतात सुमारे सतरा मेगाज्यूल ऊर्जा असते. हिशेब केल्यास गवताच्या रूपाने जमिनीवर उरलेली ऊर्जा आलेल्या उन्हाच्या साधारण दोन हजारांतला एक भाग भरते. मुळांत साठलेली ऊर्जा धरली तर हा भाग वाढेल, पण तरीही तो अत्यल्पच राहील. उन्हाची कमतरता नाही; ते पकडून ठेवण्यासाठी लागणारे पाणी नाही. या प्रदेशाच्या इतिहासातील पुष्कळशा गोष्टींचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

भारतातील गवताळ प्रदेशांचे सर्वेक्षण करून दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात द्वीपकल्पाच्या पठारी भागातील गवताळ समूहाला पवन्या आणि मारवेल या गवतांच्या शास्त्रीय कुळनामांवरूनच नाव दिलेले आहे. चराई वाढली की ही सकस गवते मागे पडतात आणि कुसळीसारखी गवते पुढे येतात. म्हणजे माळावर कोणते गवत आहे, यावरून त्या माळाचा अलीकडचा इतिहास वाचता येतो.

माळावरील ऊर्जेचा सर्वात मोठा वाटा मात्र गुरांच्या किंवा हरणांच्या पोटात जात नाही. वाळलेले गवत वाळवी नेते, शेण शेणकिडे जमिनीत पुरतात, आणि बुरशी व जिवाणू उरलेले काम संपवितात. हा विघटकांचा मार्ग नजरेआड असतो, म्हणूनच तो हिशेबातून सुटतो. घरोघर थापल्या जाणाऱ्या गोवऱ्या हे याचे उत्तम उदाहरण होय. चुलीत जळणारी गोवरी ही मातीतील जिवांच्या तोंडचा घास असते. पण जळणासाठी झाडे नसलेल्या गावातील कुटुंबाला दुसरा पर्यायही नव्हता.

घोडदळ, छावणी आणि गवत

यंत्रयुगापूर्वी राज्याची शक्ती ही शब्दशः गवताची शक्ती होती. भीमेच्या खोऱ्यातील काटक घोडी ‘भीमथडीची तट्टे’ म्हणून प्रसिद्ध होती आणि त्यांना यमुनेचे पाणी पाजल्याची वाक्प्रचारात रुळलेली फुशारकी मराठी माणसाला ठाऊक आहे. ही तट्टे आकाराने लहान, पण रुक्ष माळावरील चाऱ्यावर निभावणारी होती. मोठ्या अरबी वा इराणी घोड्याला दाणा लागतो. तट्टू गवतावर चालते. मराठ्यांच्या वेगवान हालचालींचे श्रेय त्यांच्या युद्धपद्धतीला दिले जाते ते योग्यच आहे. परंतु त्या पद्धतीच्या मुळाशी दख्खनचा माळ होता, याची नोंद क्वचितच घेतली जाते.

याची उलट बाजू याच जिल्ह्यात पाहावयास मिळते. औरंगजेबाने १६९५ ते १६९९ या काळात मंगळवेढ्याजवळ भीमाकाठी ब्रह्मपुरी येथे आपला तळ ठेवला होता. शेजारी माचणूर येथे किल्ला आहे. बादशाही छावणी म्हणजे एक चालते शहर असे. हत्ती, उंट, घोडे, बैल आणि हजारो माणसे यांना रोज खाद्य लागे. अशी छावणी कमी पावसाच्या प्रदेशात चार वर्षे एका ठिकाणी राहते, तेव्हा भोवतालचा माळ तिला पुरणे शक्य नसते. चारा व धान्य दूरवरून आणावे लागते, आणि ते आणणाऱ्या बैलांनाही वाटेत चारा लागतो. मराठ्यांच्या तुकड्या रसदेवर घाला घालीत, ही बाब या प्रकाशात पाहिली पाहिजे. शत्रूच्या सैन्यापेक्षा त्याच्या वैरणीवर हल्ला करणे अधिक किफायतशीर होते.

मराठा राजवटीत घोड्यांसाठी राखीव ‘कुरणे’ असत. कुरणातले गवत ही मोजलेली, राखलेली आणि वाटून दिलेली वस्तू होती. म्हणजे त्या काळच्या राज्यकर्त्यांना गवताची किंमत कळत होती; त्यांना स्वतःलाच ते लागत होते.

पोटखराबा

इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर ही किंमत बदलली. प्रिंगल यांची पहिली मोजणी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची जमाबंदी सुरू केली आणि तीच पुढे लगतच्या सोलापूर भागात व इलाख्यात इतरत्र लागू झाली. जमिनीचा रंग, पोत आणि मातीच्या थराची खोली पाहून तिची प्रत आण्यांत ठरवावयाची, ही या पद्धतीची गुरुकिल्ली होती. खोल काळ्या जमिनीची प्रत वरची, मुरमाड जमिनीची अगदी तळाची. शेतातील जो तुकडा लागवडीस अयोग्य, त्यावर सारा नाही. त्याची नोंद ‘पोटखराबा’ अशी झाली. हा शब्द सातबाऱ्यावर आजही आहे.

महसुलाच्या दृष्टीने ही पद्धत तर्कशुद्धच होती आणि आधीच्या जाचक आकारणीच्या तुलनेत रयतेला तिने दिलासाही दिला. पण तिचे मापदंड एकाच प्रकारची ऊर्जा मोजत होते : नांगराखालील पिकातून मिळणारी. ज्या पोटखराब्यात धनगराची मेंढरे चरत, ज्याच्यावर पावसाळ्याचे चार महिने गावाची गुरे निभावत, त्याची कोणतीही रक्कम दप्तरात पडत नव्हती. जे मोजले गेले नाही ते हळूहळू नाही असेच मानले गेले. सन २००० पासून प्रसिद्ध होत आलेल्या भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही गवताळ व खुरट्या झुडपांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर याच सदरात घातलेल्या आढळतात. शब्द बदलला, पण दृष्टी दीडशे वर्षांत फारशी हलली नाही.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ या दृष्टीची कठोर परीक्षा ठरला. सोलापूर हा मुंबई इलाख्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. अशा दुष्काळात आधी चारा संपतो, मग गुरे मरतात आणि नंतर माणसांची पाळी येते. पाऊस परतला तरी नांगर ओढण्यास बैल उरत नाहीत, म्हणून दुष्काळाचे दुसरे वर्ष अनेकदा पहिल्याइतकेच वाईट जाते. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराच्या रोजीचे प्रमाण दिवसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे इतके खाली आणले. एक पौंड ज्वारी म्हणजे सुमारे पंधराशे ते सोळाशे कॅलरी. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसाला लागणाऱ्या ऊर्जेच्या हे जवळजवळ निम्मेच होते. कामावरील मजुरांनी याविरुद्ध काम सोडून दिले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे सातत्याने लिहिले. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनीही या प्रमाणावर वैद्यकीय आक्षेप घेतला. ऊर्जाप्रवाह हा शब्द तेव्हा अस्तित्वात नव्हता, पण वाद त्याचाच होता.

ज्वारी, कडबा आणि बैल

सोलापूरच्या शेतकऱ्याने या टंचाईवर जी तोड काढली ती रब्बी ज्वारीची. पावसाळ्यात काळ्या जमिनीत ओल मुरू द्यावयाची, हस्त-चित्रा नक्षत्रांच्या सुमारास पेरणी करावयाची आणि पुढे थंडीतील दव व जमिनीतील ओल यांवर पीक काढावयाचे, अशी ही पद्धत. ज्वारीचे प्रकाशसंश्लेषण उष्ण व कोरड्या हवेत थोड्या पाण्यात अधिक काम करणारे आहे. माळावरील बहुतेक गवतेही याच प्रकारची, आणि योगायोग असा की ऊसही याच प्रकारचा.

१९३३ मध्ये सोलापूर येथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. बांधबंदिस्ती, खोल नांगरट आणि विरळ पेरणी यांवरील तेथील काम मुंबई इलाख्याच्या कोरडवाहू शेती पद्धतीचा आधार बनले. याच दशकात मोहोळ येथे निवड पद्धतीने ‘मालदांडी ३५-१’ हा ज्वारीचा वाण तयार झाला. १९६४ मध्ये संकरित ज्वारी आली, उत्पादनाचे आकडे वाढले, इतरत्र खरिपात ती पसरलीही. परंतु सोलापूर-मंगळवेढ्याच्या रब्बी पट्ट्यात मालदांडी हटली नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बाहेरून आलेल्या निरीक्षकाला हा शेतकऱ्याचा हट्ट वाटण्याचा संभव आहे. तो हट्ट नव्हता. बुटक्या संकरित वाणाची ऊर्जा कणसात जास्त व ताटात कमी साठते. मालदांडीचे ताट उंच असते आणि तिचा कडबा गुरे आवडीने खातात. शेतकरी एकाच पिकातून दोन प्रवाह चालवीत होता : दाणा घरात, कडबा गोठ्यात. कडब्यावर खिलार बैल उभा, बैलावर पुढची पेरणी उभी, आणि त्याचे शेण पुन्हा रानात. धान्याचे क्विंटल मोजणाऱ्या सांख्यिकीत यातला अर्धाच भाग दिसतो.

या चक्राशी माळ जोडलेला होता. पावसाळ्यात मेंढरे माळावर असत. सुगी झाली की धनगर आपले वाडे घेऊन मोकळ्या रानांत उतरत. शेतकरी रात्री शेतात मेंढ्या बसवून घेई आणि त्याबद्दल धान्य वा पैसे देई. माळावरच्या गवताने पकडलेले ऊन लेंडीखताच्या रूपाने काळ्या रानात येई. मेंढरांमागे लांडगाही येई. माळावरील हरणांची संख्या घटल्यावर त्याच्या आहारात शेळ्यामेंढ्यांचा वाटा मोठा झाला, आणि कळपातले एखादे कोकरू जाणार हे धनगरानेही बऱ्याच अंशी गृहीत धरलेले होते. त्याला कोणी सहजीवन म्हणत नसे. तो धंद्यातील तोटा होता.

नान्नजचा माळढोक

१९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमाखाली सोलापूर परिसरात काही भूखंडांवर चराई बंद करण्यात आली. उद्देश चारा व जमीन वाचविण्याचा होता. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या नान्नज भागात गवत वाढले आणि त्यात माळढोक पक्षी दिसू लागले. सोलापूरचे पक्षी अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी त्यांच्याकडे लक्ष वेधले. पुढे १९८० च्या दशकात मुंबई निसर्ग इतिहास संस्थेच्या वतीने डॉ. असद रहमानी यांनी येथे पद्धतशीर अभ्यास केला. डॉ. सालीम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याच पक्ष्याचा पुरस्कार केला होता, हे येथे सांगण्यास हरकत नाही. १९६३ मध्ये तो मान मोराकडे गेला.

माळढोकाचा नर दहा ते पंधरा किलो वजनाचा, म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वात जड पक्ष्यांपैकी एक. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. नाकतोडे, भुंगे, सरडे, बोरे, भुईमुगाच्या शेंगा आणि ज्वारीचे दाणे असा त्याचा मिश्र आहार असतो. नाकतोडा शीतरक्ताचा असल्यामुळे खाल्लेल्या गवताचा बराच मोठा हिस्सा अंगात साठवितो. उष्णरक्ताच्या प्राण्याप्रमाणे तो शरीर तापविण्यात खर्च करीत नाही. म्हणून रुक्ष माळही एवढा मोठा पक्षी पोसू शकतो. मात्र त्यासाठी क्षेत्र प्रचंड लागते. एका हेक्टरातील गवताचा पाया मुळातच तोकडा. त्यावर नाकतोड्यांचा थर, आणि त्यावर हा पक्षी. पाया आकसला की सर्वप्रथम वरचे टोक नाहीसे होते.

१९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. हा आकडा जितका मोठा, तितकाच फसवा होता. त्यात शेते, गावे, रस्ते आणि बाजारपेठा सारेच आले. प्रत्यक्ष राखलेले गवत मात्र नान्नज, मार्डी, करंबा, अकोलेकाटी यांसारख्या ठिकाणच्या विखुरलेल्या भूखंडांपुरते होते. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आल्यामुळे, ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत हा पक्षी चरत होता, त्याच्याच मनात त्याच्याविषयी अढी बसली. संरक्षणाच्या इतिहासातील ही चूक महागात पडली. २०१२ च्या सुमारास अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२३ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले, तोपर्यंत पक्षी बोटांवर मोजण्याइतकेच राहिले होते.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. पहिली वृक्षलागवडीची. उघडा माळ म्हणजे उजाड माळ, या समजुतीने माळावर झाडे लावली गेली. राखीव भूखंडांतही गिरिपुष्प लावण्यात आले आणि पुढे ते काढण्याची वेळ आली. झाडाखाली सावली येते, गवत मागे पडते, आणि दुरून येणारा शत्रू न्याहाळण्याची माळढोकाची सोयही जाते. दुसरी गोष्ट अधिक खोल परिणाम करणारी. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. कालव्याचे पाणी आले, विहिरी व विंधनविहिरी वाढल्या आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. आज सोलापूर राज्यातील सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत मोडतो. ऊस वर्ष-दीड वर्ष जमिनीवर हिरवा राहतो, म्हणून हेक्टरी पकडली जाणारी सौर ऊर्जा ज्वारीच्या कितीतरी पट होते. पाण्याअभावी पिढ्यानपिढ्या भरडलेल्या शेतकऱ्याने त्याची निवड केली, यात दोष देण्यासारखे काही नाही. परंतु ही ऊर्जा साखरेच्या पोत्यांतून जिल्ह्याबाहेर जाते. उसाच्या फडात नाकतोडा टिपण्यास माळढोकाला जागा नाही. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, म्हणजे कडब्याच्या जागी डिझेल आले. कडब्याची गरज घटली तशी रब्बी ज्वारीही मागे सरली आणि माळ व रान यांना जोडणारा दुवा सैल झाला.

अलीकडच्या गणनांत नान्नज परिसरात एखाद-दुसरा माळढोक आढळतो. प्रजननक्षम गट म्हणावा असे काही उरलेले नाही. देशातील उरल्यासुरल्या पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजच्या भूखंडांत काळवीट मात्र चांगले वाढले आणि ते आसपासच्या पिकांत उतरतात, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे. लांडगा, कोल्हा आणि खोकड अजून या माळावर आहेत.

चराईबंदीचा प्रश्नही तितकासा सरळ राहिलेला नाही. पूर्ण राखलेले गवत कमरेइतके वाढते आणि वर्षानुवर्षांचा वाळका थर साचतो. मादीला अंडे लपविण्यास ते उपयोगी पडते, पण चरण्यासाठी माळढोकाला आखूड गवत लागते. पूर्वी ही दोन्ही प्रकारची कुरणे शेजारी शेजारी असत, कारण मेंढरे काही माळ खात आणि काही सोडून देत. आता चराच्या आत मेंढराला मज्जाव आहे. चराबाहेर उरलेल्या माळाच्या पट्ट्यांवर एप्रिल-मे महिन्यांत कळप दाटीने फिरतात, तेथे पवन्या दिसत नाही, कुसळीही फार काळ टिकत नाही. आणि त्या पट्ट्यांपैकी बऱ्याच जमिनींची नोंद गावच्या दप्तरात आजही पोटखराबा अशीच आहे.